तिघींपैकी एकीलाच का?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की प्रयोगशाळेतून अहवाल येतो. गाठीचा आकार, प्रकार, काखेतल्या ग्रंथींची स्थिती अशा नोंदींबरोबर त्यात एक छोटीशी ओळ असते : 'ई.आर. पॉझिटिव्ह' किंवा 'ई.आर. निगेटिव्ह'. ई.आर. म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, मराठीत इस्ट्रोजेन-ग्राही. शस्त्रक्रियेनंतर पाच किंवा दहा वर्षे रोज एक गोळी घेऊन फायदा होणार की नाही, हे मुख्यतः ह्या ओळीवरून ठरते. जगभरात स्तनाच्या दर दहा कर्करोगांपैकी साधारण सात पॉझिटिव्ह असतात. भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. त्यामुळे असा अहवाल आपल्यापैकी अनेकांच्या घरी, शेजारी किंवा शाळेतल्या एखाद्या सहकारी बाईंच्या हाती येऊन गेलेला असतो.

संप्रेरकांचा धडा आपण दर वर्षी शिकवतो. ग्रंथीचे नाव, संप्रेरकाचे नाव, कार्य, असा तीन रकान्यांचा तक्ता फळ्यावर काढतो. पण संप्रेरक तर रक्तातून सगळ्या शरीरभर फिरते. मग त्याचा परिणाम ठरावीक अवयवांवरच का व्हावा? हा प्रश्न त्या तक्त्यात बसत नाही, आणि म्हणून तो बहुधा राहूनच जातो. आम्ही येथे जो इतिहास सांगणार आहोत तो ह्याच प्रश्नाचा आहे. फक्त तो वर्गात नव्हे, रुग्णाच्या खाटेशेजारी विचारला गेला आणि त्याचे उत्तर मिळायला पाऊणशे वर्षे लागली.

दुभत्या गाईपासून सुरुवात

जॉर्ज टॉमस बीट्सन हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचे सर्जन. तरुणपणी, १८७६ साली, मानसिक आजार असलेल्या एका गृहस्थाची देखभाल करण्यासाठी ते पश्चिम स्कॉटलंडमध्ये जाऊन राहिले होते. हाताशी वेळ भरपूर, एम.डी.चा प्रबंध लिहायचा होता आणि शेजारीच मेंढ्यांचा मोठा वाडा. कोकरांचे दूध तोडण्याचा हंगाम पाहता पाहता त्यांनी विषय निवडला तो अंगावर दूध येण्याच्या क्रियेचा. चौकशी करताना त्यांना कळले की काही देशांत गाय व्याल्यानंतर शेतकरी तिची अंडाशये काढून टाकतात. त्यामुळे ती पुष्कळ अधिक काळ दूध देत राहते. अंडाशय कुठे आणि कास कुठे! दोघांना जोडणारी मज्जातंतूंची थेट वाट दिसत नाही, तरी एका अवयवाची दुसऱ्यावर हुकमत चालते, ही गोष्ट बीट्सन ह्यांच्या मनात रुतून बसली. लक्षात घ्या, 'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनी वापरात आणला तो १९०५ साली. बीट्सन ह्यांच्यापाशी शब्दही नव्हता आणि ती कल्पनाही नव्हती.

त्यांचा पुढचा तर्क असा होता. दूध तयार होताना स्तनातल्या पेशींची भराभर वाढ होते, कर्करोगातही होते. फरक इतकाच की पहिल्या प्रकारात त्या पेशींचे शेवटी दूध होऊन जाते, दुसऱ्यात त्या तशाच राहून आजूबाजूला पसरतात. मग अंडाशये काढली तर कर्करोगाच्या पेशींनाही ती निरुपद्रवी वाट धरायला लावता येईल का? आजच्या ज्ञानाने पाहिले तर हा तर्क चुकीचा आहे. पण त्यातून निघालेला प्रयोग बरोबर ठरला. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. पाठ्यपुस्तकातल्या सरळ रेषेत मात्र ते दिसत नाही.

१८९५ च्या मे महिन्यात त्यांच्याकडे ३३ वर्षांची एक स्त्री आली. तिच्या स्तनावर आधी शस्त्रक्रिया झालेली होती, पण रोग छातीवर पुन्हा उगवला होता आणि आता कापून काढण्याजोगा राहिला नव्हता. थायरॉइडच्या गोळ्या देऊन पाहिल्या, गुण आला नाही. तेव्हा तिला आणि तिच्या नवऱ्याला सर्व कल्पना देऊन बीट्सन ह्यांनी १५ जून १८९५ रोजी तिची दोन्ही अंडाशये काढली. गाठी हळूहळू मऊ पडू लागल्या, बसू लागल्या. आठ महिन्यांनी रोगाचा मागमूस दिसेना. १८९६ साली त्यांनी ही हकिकत 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्या स्त्रीचा रोग पुढे काही वर्षांनी उलटलाच. पण ज्या रोगाला तोवर चाकूखेरीज काही ठाऊक नव्हते तो चाकू न लावलेल्या जागी ओसरला होता, ही गोष्ट नवीच होती.

साहजिकच इतर सर्जनांनीही ही शस्त्रक्रिया करून पाहिली. लंडनचे स्टॅन्ली बॉइड ह्यांनी १९०० साली ब्रिटनमधल्या ५४ रुग्णांची माहिती गोळा केली. सुमारे एक तृतीयांश स्त्रियांना स्पष्ट गुण आला होता. उरलेल्या दोन तृतीयांशांना काहीच नाही. सर्जन तोच, शस्त्रक्रिया तीच, गाठ पाहायला तशीच. मग तिघींपैकी एकीलाच गुण का? आणि ती एक कोण, हे आधी ओळखायचे कसे? ह्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. भूल देण्याची आणि जंतुसंसर्ग टाळण्याची तेव्हाची साधने लक्षात घेता पोट उघडून केलेली ही शस्त्रक्रिया किरकोळ नव्हती. दोघींना ती फुकट सोसावी लागे.

अधिक मोठ्या शस्त्रक्रिया, तोच आकडा

अंडाशयातून नेमके काय बाहेर पडते, हे कळायला १९२३ साल उजाडले. अमेरिकेतल्या सेंट लुई येथे एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी ह्यांनी अंडाशयातल्या द्रवात असलेल्या सक्रिय पदार्थाचा माग काढला. १९२९ मध्ये डॉइझी ह्यांनी आणि जर्मनीत आडोल्फ बुटेनांट ह्यांनी स्वतंत्रपणे, गरोदर स्त्रियांच्या लघवीतून, इस्ट्रोन हे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले. इस्ट्रोजेन हे अशा तीन-चार जवळच्या रेणूंचे घराण्याचे नाव आहे. त्यांतला सर्वांत प्रभावी तो इस्ट्रॅडिऑल.

आता अडचण अशी, की पाळी गेलेल्या स्त्रियांतही स्तनाचा कर्करोग होतो, किंबहुना अधिक होतो. त्यांची अंडाशये तर थंडावलेली असतात. तरी त्यांच्या शरीरात थोडे इस्ट्रोजेन सापडते, आणि त्याचे मूळ मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत असावे, असा अंदाज होता. शिकागोचे चार्ल्स हगिन्स ह्यांनी पुरुषांतल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचे संप्रेरकांशी असलेले नाते १९४१ मध्ये दाखवले होते. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० च्या सुमारास कॉर्टिसोन औषध म्हणून मिळू लागले आणि अधिवृक्क ग्रंथींविना माणूस जगवणे शक्य झाले. मग हगिन्स ह्यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ह्या दोन्ही ग्रंथी काढायला सुरुवात केली. स्वीडनमध्ये रोल्फ लुफ्ट आणि हर्बर्ट ऑलिव्हक्रोना ह्यांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली. अंडाशय आणि अधिवृक्क ह्या दोघांनाही हुकूम देणारी, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथीच त्यांनी काढून टाकली.

ह्या शस्त्रक्रियांनंतर स्त्रीला जन्मभर कॉर्टिसोन घ्यावे लागे. एखादी मात्रा चुकली तर जिवावर बेतण्याची भीती. आणि गुण किती जणींना? पुन्हा सुमारे एक तृतीयांश. पन्नास वर्षांत शस्त्रक्रिया कितीतरी अवघड झाली, आकडा मात्र जागचा हलला नाही. आम्हाला ह्या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. ज्यांना गुण आला त्यांची छायाचित्रे वैद्यकीय नियतकालिकांत छापली गेली. ज्या दोघींना आला नाही त्यांच्या वाट्याला आजारपणात आणखी एक आजारपण आले. तेव्हाच्या डॉक्टरांना हे कळत नव्हते असे नाही. त्यांच्यापाशी निवड करायचे साधनच नव्हते.

किरणोत्सारी हायड्रोजन आणि पाच श्रोते

ते साधन शेवटी एका रसायनशास्त्रज्ञाने दिले. एलवूड जेन्सन हे शिकागो विद्यापीठात हगिन्स ह्यांच्याच सहवासात काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विषारी वायूंवर संशोधन केले होते. त्या कामात प्रकृती बिघडल्यावर त्यांनी वैद्यकाशी जवळचा विषय धरला. १९४७ साली झुरिचला असताना त्यांनी मॅटरहॉर्न हे शिखर सर केले. एडवर्ड व्हिम्पर हे गिर्यारोहक ह्या शिखरावर इटलीच्या बाजूने वारंवार अपयशी ठरले आणि १८६५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाजूने वर पोहोचले. सगळे ज्या वाटेने जातात ती सोडून दुसरी बाजू बघावी, हा धडा आपण तेथून घेतला, असे जेन्सन पुढे सांगत असत.

इस्ट्रोजेनच्या बाबतीत सगळ्यांची वाट कोणती होती? संप्रेरक पेशीत जाऊन एखाद्या रासायनिक क्रियेत भाग घेते, विकर त्याचे रूप बदलतात आणि त्या बदलातून परिणाम घडतो, असे बहुतेकांचे मत होते. म्हणून 'इस्ट्रोजेन पेशीला काय करते' ह्याचा शोध सगळे घेत होते. जेन्सन ह्यांनी प्रश्न उलटा केला : पेशी इस्ट्रोजेनचे काय करते?

हे पाहायचे तर इस्ट्रोजेनवर खूण हवी. कार्बनचा किरणोत्सारी समस्थानिक वापरता आला असता, पण इस्ट्रॅडिऑल मायक्रोग्रॅमच्या अंशाइतक्या मात्रेतही काम करते. एवढ्याशा मात्रेतला कार्बन-१४ मोजण्याइतका संकेत देऊ शकत नाही. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षे, कार्बन-१४ चे सुमारे ५,७०० वर्षे. अर्धायुष्य कमी म्हणजे ठरावीक वेळात फुटणाऱ्या अणूंची संख्या अधिक, म्हणजेच खूण अधिक ठळक. (बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गुणोत्तर काढायला सांगावे, अर्धायुष्याचे गणित एरवी फार कोरडे वाटते.) जेन्सन आणि त्यांचे सहकारी हर्बर्ट जेकबसन ह्यांनी ट्रिटियम जोडलेले इस्ट्रॅडिऑल तयार केले, ते वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचले आणि निरनिराळ्या अवयवांत ते किती वेळ राहते हे मोजले. स्नायू, रक्त, यकृत ह्यांत ते आले आणि निघून गेले. गर्भाशयात आणि योनिमार्गात मात्र ते तासन् तास टिकून राहिले. आणि तेथे त्याचे रूप मुळीच बदललेले नव्हते. टोचले होते ते इस्ट्रॅडिऑल, सापडले तेही इस्ट्रॅडिऑल. याचा अर्थ त्या अवयवांच्या पेशींत त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते आणि इतर अवयवांत ते नव्हते. आपल्या तक्त्यात न बसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. हुकूम सगळ्यांच्या कानांवर पडतो, पण ज्या पेशीपाशी तो घ्यायला ग्राही आहे तीच तो पाळते.

१९५८ साली व्हिएन्ना येथे जीवरसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हे काम मांडले. त्याच वेळी शेजारच्या सभागृहात संप्रेरकांवरच्या विकर-क्रियांचे सत्र होते आणि तेथे हजाराहून अधिक मंडळी गेली होती. जेन्सन ह्यांच्यापुढे श्रोते होते पाच. त्यांतले तिघे त्याच सत्रातले इतर वक्ते. पुढे १९६० च्या दशकात ते ग्राही म्हणजे एक प्रथिन आहे हे सिद्ध झाले. इस्ट्रोजेन त्याला चिकटले की ते केंद्रकातल्या डी.एन.ए.वर ठरावीक जागी बसून काही जनुके चालू करते. त्यांतली बरीचशी पेशीला विभाजनाकडे नेणारी असतात, हा तपशील नंतर उलगडला.

आता स्तनाच्या गाठींकडे येऊ. गाठीच्या पेशींत ग्राही असेल तर ती इस्ट्रोजेनवर पोसलेली असणार आणि इस्ट्रोजेन तोडले की वाळणार. ग्राहीच नसेल तर अंडाशय काढा नाहीतर पीयूषिका, तिला फरक पडायचे कारण नाही. १९७१ पर्यंत जेन्सन ह्यांनी गाठींचे ताजे तुकडे तपासून हे दाखवायला सुरुवात केली होती. १९७४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे निरनिराळ्या केंद्रांचे डॉक्टर आपापले आकडे घेऊन जमले. एकूण ४३६ उपचारांची नोंद एकत्र केली तेव्हा चित्र स्वच्छ दिसले. ग्राही असलेल्या गाठींपैकी ५५ ते ६० टक्के गाठींना संप्रेरक तोडण्याच्या उपचाराने गुण आला होता. ग्राही नसलेल्यांपैकी जेमतेम ८ ते १० टक्के.

एक ढोबळ गणित करून पाहू. १०० स्त्रिया घेतल्या आणि आजच्या प्रमाणानुसार त्यांतल्या ७० जणींच्या गाठींत ग्राही आहे असे धरले, तर त्यांतल्या ४० जणींना गुण येईल. उरलेल्या ३० पैकी फार तर तिघींना. निवड न करता सरसकट सगळ्यांवर उपचार केले तर १०० पैकी ४३. बॉइड ह्यांच्या एक तृतीयांशापासून हा आकडा फार दूर नाही. पाऊणशे वर्षांचे कोडे बरेचसे सुटले होते आणि निदान २७ जणींना निष्फळ शस्त्रक्रियेतून सोडवता येणार होते.

'बरेचसे' असे म्हणायचे कारण, ग्राही असूनही उरलेल्या ३० जणींना गुण का नाही, हा प्रश्न शिल्लकच होता. १९७५ मध्ये कॅथरिन हॉर्विट्झ आणि विल्यम मॅग्वायर ह्यांनी एक युक्ती सुचवली. प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही पेशीत तयार होतो तो इस्ट्रोजेनच्या हुकमाने. तेव्हा तोही गाठीत सापडला, तर इस्ट्रोजेनचा ग्राही नुसता हजर नाही, कामही करतो आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून आजच्या अहवालात ई.आर.च्या खाली पी.आर.ची ओळ असते.

फसलेली गर्भनिरोधक गोळी

कोणाला गुण येईल हे कळले; पण ग्रंथी कापून काढण्याखेरीज दुसरा उपाय? तो वेगळ्याच दाराने आला.

इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या आल्डर्ली पार्क येथे आय.सी.आय. ह्या कंपनीची प्रयोगशाळा होती. १९६० च्या आसपास गर्भनिरोधक गोळीचा बोलबाला होता आणि आर्थर वॉलपोल ह्यांच्या देखरेखीखाली तेथे इस्ट्रोजेनला अडवणाऱ्या रेणूंचा शोध चालू होता. १९६२ मध्ये रसायनतज्ज्ञ डोरा रिचर्डसन ह्यांनी एक संयुग बनवले. त्याची दोन रूपे होती, सिस् आणि ट्रान्स. अणू तेच, बंध तेच, फक्त दुहेरी बंधाभोवतीची मांडणी वेगळी. ती दोन्ही वेगळी करून मायकेल हार्पर आणि वॉलपोल ह्यांनी उंदरांत तपासली, तेव्हा ट्रान्स रूप इस्ट्रोजेनला विरोध करणारे निघाले आणि सिस् रूप चक्क इस्ट्रोजेनसारखे वागणारे. भौमितिक समघटकता शिकवताना आपण ब्युटीनचे उदाहरण देतो. त्याच्या जोडीला हेही द्यावे. येथे मांडणीच्या फरकाने औषधाचे अगदी उलटे काम होते.

ट्रान्स रूपाचे नाव टॅमॉक्सिफेन. उंदरांत त्याने गर्भधारणा हमखास रोखली. स्त्रियांत मात्र त्याने बीज सुटण्याला चालनाच दिली. गर्भनिरोधक म्हणून ते साफ फसले. पण वॉलपोल ह्यांचे कुतूहल जुने होते. १९४० च्या दशकात त्यांनी कृत्रिम इस्ट्रोजेन आणि स्तनाचा कर्करोग ह्यांवर मँचेस्टरच्या डॉक्टरांबरोबर काम केले होते. त्याच शहरातल्या ख्रिस्टी रुग्णालयात मेरी कोल ह्यांनी हे औषध पसरलेल्या कर्करोगाच्या ४६ स्त्रियांना दिले. १९७१ मध्ये निष्कर्ष छापून आले : दहा जणींना चांगला गुण. म्हणजे जुन्या उपचारांहून अधिक नव्हे. पण त्रास त्यांच्या मानाने अगदी थोडा, आणि कशाचीही कापाकापी नाही. कंपनीला ह्यात फारसा नफा दिसत नव्हता आणि काम थांबवण्याचा विचारही झाला होता. वॉलपोल ह्यांनी आग्रह धरला म्हणून ते चालू राहिले. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत टॅमॉक्सिफेनला परवानगी मिळाली. १९७७ मध्येच वॉलपोल वारले. पुढचे काही त्यांना पाहायला मिळाले नाही.

पुढचे बरेच काम क्रेग जॉर्डन ह्यांनी केले. टॅमॉक्सिफेन ग्राहीच्या खाचेत बसते, पण ग्राहीला कामाला लावत नाही. कुलपात शिरावी पण फिरू नये अशी ही चावी. जोवर ती आत आहे तोवर खरी चावी शिरू शकत नाही. म्हणजे गाठ मरत नाही, उपाशी राहते. तेव्हा औषध महिनोन्‌महिने नव्हे, वर्षानुवर्षे द्यायला हवे, हे जॉर्डन ह्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडले. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड पेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून ते पडताळले. १९९८ मध्ये त्यांनी ५५ चाचण्यांतल्या सुमारे ३७,००० स्त्रियांची माहिती मांडली. ग्राही असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे गोळी घेतली तर रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येत होते. ग्राही नसलेल्यांना काही उपयोग नव्हता. २०११ च्या त्यांच्या अहवालानुसार पाच वर्षांच्या ह्या गोळीमुळे पंधरा वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. औषध थांबवल्यानंतरही त्याचा लाभ दहा वर्षे चालू राहतो, ही त्यातली विलक्षण गोष्ट. २०१२ मध्ये 'ॲटलस' ह्या चाचणीने पाचऐवजी दहा वर्षे अधिक चांगली, असे दाखवले.

कुलूप-चावीची उपमा मात्र जपून वापरावी. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते. पण हाडांत ते इस्ट्रोजेनसारखे वागून हाडे टिकवते, आणि गर्भाशयाच्या अस्तराला वाढीची चालना देते. त्यामुळे पाळी गेलेल्या काही स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचा थोडा धोका वाढतो; रक्ताच्या गुठळ्यांचाही. एकच चावी दर दारात वेगळी का वागते, ह्याचे उत्तर ग्राहीच्या जोडीला त्या त्या पेशीत कोणती इतर प्रथिने आहेत ह्यात आहे.

येथे एक भारतीय धागा सांगायला हवा. टॅमॉक्सिफेन गर्भनिरोधक म्हणून फसले, पण इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर काम करणारी गर्भनिरोधक गोळी आपल्याकडे बनली. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले सेंटक्रोमॅन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सहेली' ह्या नावाने बाजारात आले. पुढे २०१६ पासून 'छाया' ह्या नावाने ते सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात दिले जाऊ लागले. आठवड्यातून एकदा-दोनदा घेतली जाणारी ही गोळी अनेकांना माहीत असते. तिचे टॅमॉक्सिफेनशी असलेले नाते मात्र फारसे सांगितले जात नाही.

अधिवृक्क ग्रंथी का काढल्या होत्या?

अधिवृक्क ग्रंथी काढून वयस्क स्त्रियांना गुण येत होता हे खरे, पण त्या ग्रंथी इस्ट्रोजेन फारसे बनवतच नाहीत. त्या बनवतात कच्चा माल, पुरुषी संप्रेरकांच्या जातीचे रेणू. चरबीच्या, स्नायूंच्या आणि खुद्द गाठीच्या पेशींत ॲरोमटेज नावाचे विकर असते. ते ह्या रेणूच्या पहिल्या कड्याला बेंझिनसारखे ॲरोमॅटिक बनवते आणि इस्ट्रोजेन तयार होते. विकराचे नाव त्यावरूनच पडले. मग ग्रंथी कशाला काढायच्या? विकरच बंद पाडावे. अमेरिकेत अँजेला ब्रॉडी ह्यांनी पती हॅरी ह्यांच्याबरोबर १९७० च्या दशकात असा रेणू शोधला. पुढे १९९५ ते १९९९ ह्या काळात ॲनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन ही औषधे अमेरिकेत मान्य झाली. ९,३६६ स्त्रियांच्या 'ॲटॅक' चाचणीत पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी ॲनास्ट्रोझोल टॅमॉक्सिफेनपेक्षा सरस ठरले. ह्या औषधांनी सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात, म्हणून हाडांवर लक्ष ठेवावे लागते.

पाळी चालू असलेल्या स्त्रीला हीच गोळी एकटी दिली तर चालत नाही. पाण्याच्या टाकीतल्या तरंगत्या गोळ्यासारखी व्यवस्था शरीरात आहे. इस्ट्रोजेनची पातळी खाली गेली की पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला अधिक जोराने हुकूम सोडते आणि टाकी पुन्हा भरते. म्हणून आधी तो हुकूमच थांबवायला हवा. मेंदूतून पीयूषिकेला मिळणारा संकेत ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने येतो. त्याचीच नक्कल करणारे गोसेरेलिनसारखे औषध सतत मिळत राहिले तर पीयूषिका त्याकडे दुर्लक्ष करू लागते. महिन्यातून एक इंजेक्शन, आणि अंडाशये निद्रिस्त. २०१४ मध्ये 'सॉफ्ट' आणि 'टेक्स्ट' ह्या चाचण्यांनी दाखवले की ज्या तरुण स्त्रियांत रोग उलटण्याचा धोका अधिक असतो त्यांना अंडाशये थांबवून वर एक्झेमेस्टेन दिल्याने टॅमॉक्सिफेनपेक्षा जास्त लाभ होतो. बीट्सन ह्यांनी जे अंडाशय चाकूने काढले तेच ११९ वर्षांनी पुन्हा चर्चेत आले. आपल्याकडे तरुण वयातल्या रुग्णांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आहे, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. दरमहा इंजेक्शन परवडत नाही अशा बाईसाठी अंडाशये काढण्याची शस्त्रक्रिया आजही एक रास्त पर्याय आहे. आता ती दुर्बिणीतून होते आणि कोणावर करायची हे ठाऊक असते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांतला बराच पसारा आम्ही थोडक्यात उरकतो. २०१८ मध्ये 'टेलरएक्स' ह्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीने, गाठीतली २१ जनुके तपासून, काखेत न पसरलेल्या ग्राही-पॉझिटिव्ह कर्करोगात पुष्कळ जणींना केमोथेरपी वगळता येते असे दाखवले. ग्राहीच्या हुकमानंतर पेशीचे विभाजन पुढे रेटणारी सी.डी.के. ४ आणि ६ ही विकरे रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ मध्ये आले, मागोमाग रायबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब. यीस्ट आणि समुद्री अर्चिन ह्यांच्या पेशींवरच्या ज्या मूलभूत संशोधनाला २००१ चे नोबेल मिळाले, त्याच्या वाटेवरची ही औषधे. पसरलेल्या रोगात लेट्रोझोलच्या जोडीला रायबोसिक्लिब दिल्याने आयुर्मानाचा मध्यक सुमारे ५१ महिन्यांवरून ६४ महिन्यांवर गेला. भारतात पाल्बोसिक्लिबचे पेटंट २०२३ मध्ये संपले आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्याने किंमत पुष्कळ उतरली. तोवर ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेरच होते.

आणि १९७५ सालचा उरलेला प्रश्न? त्याच्या उत्तराचा एक भाग २०१३ च्या सुमारास हाती आला. वर्षानुवर्षे इस्ट्रोजेन तोडल्यावर काही गाठींत ग्राहीचे जनुकच बदलते आणि मग तो ग्राही इस्ट्रोजेन नसतानाही काम करत राहतो. अशा गाठीपुढे ॲरोमटेज रोखून उपयोग नसतो. ग्राहीच मोडीत काढावा लागतो. ते करणारे फुल्व्हेस्ट्रंट इंजेक्शनने द्यावे लागते. तसेच काम तोंडावाटे करणारे एलासेस्ट्रंट अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले.

पण ही सारी निवड ज्या एका ओळीवर उभी आहे ती ओळ लिहिली कशी जाते, ते सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही. जेन्सन ह्यांच्या पद्धतीला गाठीचा ताजा, गोठवलेला तुकडा आणि किरणोत्सारी द्रव्य लागे. जेफ्री ग्रीन आणि जेन्सन ह्यांनी १९८० च्या सुमारास ग्राहीला ओळखणारी प्रतिपिंडे तयार केली. त्यामुळे पुढे मेणात बसवलेल्या तुकड्याचा पातळ काप रंगवून, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ही तपासणी होऊ लागली. एक टक्का पेशींची केंद्रके जरी रंगली तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. प्रथिन मात्र नाजूक असते. काढलेली गाठ शस्त्रक्रियागृहात तशीच पडून राहिली, किंवा न चिरता अख्खी बरणीत टाकल्याने फॉर्मॅलिन आतपर्यंत पोहोचलेच नाही, तर ग्राही नष्ट होतो आणि अहवालात 'निगेटिव्ह' येते. भारतातल्या जुन्या नोंदींत पॉझिटिव्ह गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी दिसते. तपासणीतल्या अशा उणिवा हे त्याचे एक कारण होते, आणि पद्धत सुधारल्यावर प्रमाण वाढलेले आढळले. चुकीच्या 'निगेटिव्ह'मुळे त्या बाईची अगदी स्वस्त गोळी जाते. म्हणून गाठ काढल्यापासून तासाभरात ती चिरून दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवावी, सहा तासांहून कमी आणि ७२ तासांहून अधिक ठेवू नये, आणि काढल्याची व बुडवल्याची वेळ बरणीच्या चिठ्ठीवर लिहावी, असा नियम आहे. लहान गावात शस्त्रक्रिया होऊन गाठ शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवली जात असेल, तर ती बरणी बहुधा रुग्णाच्या नातेवाइकाच्याच हाती दिली जाते. चिठ्ठीवर ह्या दोन वेळा आहेत का, हे त्याने तेथल्या तेथे विचारून घ्यावे.